मुलांना विक्का घरची रीत म्हणून कशी दाखवावी? (कोल्हापूर)

निळी_गोकर्ण

नमस्कार मंडळी. घरात विक्का (निसर्ग आणि ऋतू पूजणारा, इंग्लंडात रूपाला आलेला पंथ) पाळणारी मी एकटी. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेपाचचा. राजारामपुरीत घर, वर मोकळी गच्ची, खाली सासूबाई आणि त्यांचं देवघर. मुलांसमोर हे घरातली एक रीत म्हणून यावं असं वाटतं. गौरी-गणपती असतात, म्हाळ असतो, तसंच हेही. दीक्षा, मंत्र, शक्ती असलं काही त्यांच्या डोक्यात भरायचं नाही.

अडतंय ते असं. पुस्तकांतले आठ सण इंग्लंडच्या हवेचे. 1 ऑगस्टला म्हणे गव्हाची पहिली पेंढी आणि ताजा पाव. आपल्याकडं 1 ऑगस्टला राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का याची चर्चा आणि शिवारात गुडघाभर चिखल. मुलांपुढं मांडू काय? दुसरं, आग, सुरी, धूर, झाडपाला यातलं कुठल्या वयाला काय द्यावं? तिसरं सगळ्यात अवघड. 'विच'ला मराठीत शब्द एकच, चेटकीण. मुलीनं वर्गात 'आमची आई चेटकीण आहे' म्हणून सांगितलं तर निस्तरणार कोण? आणि जादूटोणा कायद्यात हे बसतं का, तेही कुणीतरी नेमकं सांगा.

'करू नका' एवढाच सल्ला असेल तर तो घरातच फुकट मिळतोय :)

जुनी_वही

ताई, आधी 'रीत' या शब्दाचं बघू. मुलांचा पहिला प्रश्न तोच असतो: हे कधीपासूनचं?

विक्काचं आजचं रूप विसाव्या शतकातलं आहे. ते लोकांपुढं आणणारा जेरल्ड गार्डनर हा मलायात कस्टमची नोकरी केलेला इंग्रज. इंग्लंडातला 1735 चा विचक्राफ्ट कायदा 1951 मध्ये रद्द झाला, 1954 मध्ये त्याचं पुस्तक आलं. विधींची बरीचशी भाषा पुढं त्याच्या शिष्या डोरीन व्हॅलिएंट यांनी घासूनपुसून घेतली. आठ सणांचं चक्र एकत्र बसलं ते 1950 च्या दशकाच्या अखेरीस. सप्टेंबरच्या संपाताला (दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस) 'मेबन' हे नाव तर त्याहून उशिरा, 1970 च्या दशकात अमेरिकेत मिळालं. युरोपात लपून टिकलेला हा प्राचीन धर्म आहे, असं मार्गारेट मरे या अभ्यासिकेनं 1921 मध्ये मांडलं होतं. इतिहासकारांनी ते केव्हाच मोडीत काढलं. विक्काची दुसरी शाखा काढणारा अ‍ॅलेक्स सँडर्स सांगायचा की सातव्या वर्षी आजीनं मला दीक्षा दिली. अभ्यासक तेही धरत नाहीत.

एवढं लिहायचं कारण, 'आपल्या घराण्यात पूर्वापार आहे' हे मुलांना कधीही सांगू नका. मुलगी बारा-तेराची झाली की स्वतः शोधणार, आणि एक थाप सापडली की बाकीच्या खऱ्या गोष्टीही त्याच टोपलीत जाणार. 'आपल्या घरात आपल्यापासून सुरू' असं म्हणण्यात कमीपणा नाही. प्रत्येक रीत कुणीतरी कधीतरी सुरूच केलेली असते.

वयाचं म्हणाल तर गार्डनेरियन (गार्डनरच्या परंपरेतली) मंडळं अठराच्या आत दीक्षेला हात लावत नाहीत, आणि उमेदवारीच मुळी एक वर्ष आणि एक दिवसाची. लहानांसाठी असतं ते विकनिंग. आपल्या बारशासारखंच: नाव घ्यायचं, भलं चिंतायचं. त्यानं मूल कशाला बांधलं जात नाही, मोठेपणी वाट त्याची ते ठरवतं. तुमच्या मुलांचं बारसं झालेलंच असणार, पुन्हा काही करायची गरज नाही.

साडेपाच वर्षांच्या मुलाला तीन कामं पुरतात: फुलं आणणं, पाणी घालणं, शेवटी दिव्याला 'शुभ रात्री' म्हणणं. पौर्णिमेचा कार्यक्रम एक फुलवात विझेपर्यंतच ठेवा. तुपात भिजवलेली एक वात वाटीत ठेवायची, ती संपली की कार्यक्रम संपला. मुलाला घड्याळ कळत नाही, वात कळते. त्याहून लांबवलं की चुळबुळ, मग दटावणी, आणि सणाची आठवण म्हणून दटावणीच उरते. नऊ वर्षांच्या मुलीला स्वतःची वही द्या. वाचन, देवता, त्यामागचा विचार हे तेराच्या पुढं.

आता विक्काचं ते प्रसिद्ध वाक्य: 'कुणाला इजा न होता, हवं ते कर.' मुलांना त्यातलं 'हवं ते कर' एवढंच ऐकू येतं. म्हणून घरात ते प्रश्न करून वापरा: 'यानं कुणाला त्रास होतो का?' आणि 'केलेलं तिप्पट होऊन परत येतं' हा नियम लहानांना सांगूच नका. तो सगळे विक्कन मानतही नाहीत. शिवाय मूल तापानं फणफणलं की त्याच्या मनात येतं, मी ताईचा खाऊ पळवला म्हणून हे झालं.

सणांच्या नावांचे उच्चारही आत्ताच नीट लावून द्या. स्पेलिंग बघून मुलं 'समहेन' म्हणतात, ते साऊइन. तसंच 1 ऑगस्टचा लूनासा.

गच्चीवरचा_गणिती

सणांचं उत्तर पुस्तकात नाही, तुमच्या गच्चीवर आहे. चक्रातले चार सण सरळ सूर्याचे: दोन अयनदिन (सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस), दोन संपात. उरलेले चार त्यांच्या मधोमध. ऑस्ट्रेलियातले विक्कन बहुतेक सगळं चक्र सहा महिन्यांनी सरकवून घेतात, कारण तिकडं डिसेंबरात कडक उन्हाळा. म्हणजे तारखेला काही सोवळं नाही, सूर्य कुठं आहे ते बघायचं.

कोल्हापूर 16.7 अंश उत्तर अक्षांशावर. लंडनला हिवाळ्यातला सगळ्यात लहान दिवस आठ तासांच्या आत, उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा साडेसोळा तासांचा. आपल्याकडं साधारण 11 तास 7 मिनिटं आणि 13 तास 7 मिनिटं. त्यामुळं 'यूलला (डिसेंबरच्या अयनदिनाच्या सणाला) सूर्य परत येतो' हे इथल्या पोराला पटत नाही. सूर्य गेलाच कुठं होता? पण सावलीत तेच लख्ख दिसतं.

साहित्य: 30 सेंमी सरळ काठी, वाळू भरलेला पत्र्याचा डबा, एक प्लायची फळी, पांढरा कागद, दोरा आणि नट. डबा फळीत रुतवून बसवला तर उत्तम, म्हणजे वाळूची पातळी आणि कागद एकाच उंचीवर येतात. उंची कागदापासून मोजायची, वाळूच्या तळापासून नाही. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. काठी ओळंब्यानं उभी करा, तोच दोरा आणि नट. दोन अंश कलली तरी सावली एक सेंटिमीटरनं चुकते. फळीखाली लेव्हल बॉटल लावून घ्या, कारण गच्चीला पाणी जायला ढाळ दिलेला असतोच.

मध्यान्ह बाराला नसते. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून सव्वाआठ अंश पश्चिमेला, म्हणून सरासरी 33 मिनिटं उशीर. त्यात ऋतूनुसार कमीजास्त होतं: नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:17, फेब्रुवारीच्या सुरुवातीला 12:47. पाठ करत बसू नका. बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला ठिपका द्यायचा, सगळ्यात आखूड ती मध्यान्हीची. तिची रेघ म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. मोबाईलचा कंपास गच्चीवर वापरू नका, स्लॅबमधल्या सळ्या त्याला वेड लावतात.

30 सेंमी काठीची सावली आपल्या गावात अशी पडते. 21 डिसेंबरला 25 सेंमी, उत्तरेकडं. फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसांत 20. मार्च आणि सप्टेंबरच्या संपाताला 9. मे महिन्याच्या 6 तारखेच्या आसपास शून्य. 21 जूनला साडेतीन सेंमी, पण दक्षिणेकडं! नंतर 6 ऑगस्टच्या आसपास पुन्हा शून्य. यातली दक्षिणेकडची सावली इंग्लंडातल्या कुठल्याही पोराला दिसणार नाही, कारण तिथं सूर्य कधी डोक्यावरून पलीकडं जातच नाही.

आणि गंमत बघा. बेल्टेन आणि लूनासा हे मधले सण खगोलाच्या हिशेबानं मेच्या 5-6 आणि ऑगस्टच्या 7 तारखेला येतात. आपले शून्य सावलीचे दिवस त्यांना एक-दीड दिवसानं चुकतात, इतके जवळ. तेव्हा पहिली पेंढी नको आणि पावही नको. शून्य सावली हाच कोल्हापूरचा बेल्टेन. अर्धा फूट पीव्हीसी पाईप उभा धरा. आतल्या भिंतीची सावली नाहीशी होते आणि तळाला उजेडाचा पूर्ण गोल पडतो. साडेपाच वर्षांच्या गड्याला काठीपेक्षा हे जास्त आवडेल.

थंडीतल्या दोन मधल्या सणांना तर गावातच दाखला आहे. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव: 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. पहिल्या दिवशी मावळतीची किरणं मूर्तीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. त्या दोन्ही वेळी सूर्य पश्चिमेपासून 18-19 अंश दक्षिणेला मावळतो. मुलीला कॅलेंडरवर दिवस मोजायला लावा: 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 41 दिवस, 21 डिसेंबर ते 1 फेब्रुवारी 42. म्हणजे डिसेंबरचा अयनदिन हा आरसा, आणि सूर्य जाताना जिथं मावळला तिथंच येताना मावळतो. मे आणि ऑगस्टच्या शून्य सावलीचंही तेच, जूनच्या दोन्ही बाजूंना 46-46 दिवस. एवढं स्वतः मोजलेल्या मुलीला चक्र म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

किरणोत्सव दाखवायला न्याल तर आधीच सांगून ठेवा की किरणं कधी कधी पायाशीच थांबतात. ढग, हवेतलं बाष्प, धूळ, वाटेतले अडथळे, काहीही आडवं येतं. नाहीतर पोर हिरमुसतं आणि 'देवी रागावली का?' विचारतं.

निळी_गोकर्ण

हे भारीच आहे. पण ऑगस्टच्या 6 तारखेला ऊन कुठलं? आणि जूनच्या 21 ला?

गच्चीवरचा_गणिती

वहीत 'ढग' लिहायचं, तीही नोंदच. पण जूनमध्ये सवलत मोठी आहे. अयनाजवळ सूर्य जवळजवळ थांबतो, आठवडाभर अलीकडं-पलीकडं उघडीप मिळाली तरी आकडा तोच. शून्य सावली एखाद-दुसऱ्या दिवसानं चुकली तरी फरक दोन-तीन मिलिमीटरचा, काठीच्या जाडीत लपून जातो. मार्च-सप्टेंबरात मात्र दिवसाला जवळपास अडीच मिलिमीटर सरकते, तिथं तारीख गाठायची. मार्चला ऊन हमखास, त्यामुळं सुरुवात मार्चपासून करा. पावसात सुरू केलं तर पहिल्या दोन महिन्यांतच उत्साह ओसरतो.

उंबरठा

सावलीचं पटलं. मुलांची खरी गडबड दिशांत होते, त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय.

पुस्तकी विक्कात पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. मराठी शाळेतलं मूल मात्र दिशांची नावं शिकतं तेव्हाच त्याला कळलेलं असतं की अग्नीची आग्नेय आणि वायूची वायव्य. नावातच आहे ना! ईशान्य पाण्याची, नैर्ऋत्य मातीची हे आजी सांगतेच. मग आईनं 'दक्षिणेला अग्नी' म्हटलं की मूल आईची चूक काढतं, आणि त्याचं बरोबरच असतं. शिवाय दक्षिणेला दिवा लावला की सासूबाई काय म्हणतील ते वेगळं सांगायला नको. ती यमाची दिशा, तिकडं दिव्याचं तोंड यमदीपदानालाच.

दक्षिणेला अग्नी का, तर युरोपात दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो म्हणून. आपल्याकडं जूनात तो उत्तरेला असतो हे वर आलंच आहे. म्हणजे तिकडच्या मांडणीमागचं कारणच इथं पुरतं लागू होत नाही. माझं मत: घरात मुलांसोबत आग्नेय-वायव्य-ईशान्य-नैर्ऋत्य ठेवा, गच्चीच्या चार कोपऱ्यांत ते सरळ बसतंही. दुसरी मांडणी मुलीच्या वहीत 'तिकडे असं' म्हणून लिहून ठेवा. विधी ज्याच्या आत करतात ते वर्तुळ घालताना डावी-उजवी शिकवावी लागत नाही. ते प्रदक्षिणेसारखंच घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं जातं. जुनी रीत नऊ फूट व्यासाची, मुलांना पाच-सहा फूट पुरे. रांगोळीनं काढा, खडूनं नको. खडू पहिल्या सरीत जातो आणि मूल 'वर्तुळ मोडलं' म्हणून घाबरतं. रांगोळी आपणच झाडायची असते हे त्याला ठाऊक असतं.

एक मात्र पाळा. अंबाबाईला 'विक्काची देवी' म्हणू नका. देवळात गेलात तर देवळाच्या रीतीनं, गच्चीवर गच्चीच्या. दोन्हीकडं सूर्य एकच आहे, तेवढं सांगितलं तरी बास.

सावळा_डोंगर

उंबरठाताई, एवढं काटेकोर कशाला? विक्कातच निम्मे लोक इकडून तिकडून जमवून करतात. मुलांना 'ही आईची देवी, ती आजीची' असं वाटून देण्यापेक्षा एकच म्हटलेलं काय वाईट?

उंबरठा

वाईट एवढंच की आजीला विचारलेलं नसतं. मोठ्यांनी आपल्यापुरतं जमवून घ्यावं, कोण अडवतंय. पण मूल खाली देवघरात जाऊन 'आज्जी, तुझी देवी आमच्या वहीत आहे' म्हणालं की त्या घरात दुपारचा चहा कसा होतो ते बघा.

परसबाग

आग, धूर, झाडं आणि काठी याबद्दल. इथं हयगय नको.

आग: आठ वर्षांच्या आत काडी पेटवायची नाही, मोठ्यानं पेटवायची आणि मुलानं वात लावायची सुद्धा नाही. नवव्या वर्षी मोठ्याच्या शेजारी बसून. कुंभार गल्लीतली बिनरंगाची मातीची पणती घ्या, ती पितळी परातीत ओली वाळू घालून त्यात बसवा. परातीच्या कडेपासून वीतभर आत, म्हणजे वारा आला, धक्का लागला तरी तेल वाळूत जातं. अंगावर सुती कपडा, केस बांधलेले, नायलॉनचा फ्रॉक आणि लोंबती ओढणी नाही. मेणबत्तीपेक्षा पणती बरी, मेण कातडीला चिकटून भाजत राहतं. पाण्याची बादली आधी, काडी नंतर. भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावायचं नाही.

कापूर मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. वडी खडीसाखरेसारखी दिसते, आणि लहान मुलाच्या पोटात थोडा गेला तरी झटके येतात. साधा असो की भीमसेनी. निलगिरीचं तेलही तसंच, अंगाला चोळायचं नाही की नाकाशी धरायचं नाही. धूप-ऊद गच्चीवरच. बंद खोलीत धूर केला आणि पोराला बाळदमा असला तर रात्र जागून काढावी लागते. परदेशी पांढऱ्या सेजच्या जुड्या ऑनलाईन मिळतात, त्या घेऊ नका. तिकडं जंगलातून ओरबाडून आणतात. चमचाभर ऊद पुष्कळ झाला.

मीठ: पाण्यात मीठ घालून शिंपडायची रीत आहे. मुलं उरलेलं पाणी 'पवित्र' म्हणून तुळशीला घालतात. दोन-तीन पौर्णिमा गेल्या की पानांच्या कडा करपतात, मग झाड जातं, आणि घरात कुणाचं नाव निघेल ते तुम्हाला ठाऊकच आहे. मीठ वाटीभर पाण्याला एक चिमूट, आणि उरलेलं मोरीत.

झाडं: मुलांच्या हातात द्यायची ती तुळस, पुदिना, पानओवा, झेंडू. गवती चहा द्या पण पात कापते, ओढायची नाही, कात्रीनं कापायची. आठ इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. आपल्याकडची काळी माती नुसती घातली की पावसाळ्यात चिखल होऊन मुळं कुजतात. मार्चच्या संपाताला घटासारखं रुजवण घाला. परडीत दोन इंच माती, आठ तास भिजवलेले गहू, वर पातळ मातीचा थर. नवरात्रात पाणी जास्त होऊन बुरशी धरते. मार्चमध्ये उलटं, दुपारपर्यंत वरचा थर खडखडीत, म्हणून दोन वेळा हातानं शिंपडायचं. ओतायचं नाही, दाणे वर येतात.

आणि पुस्तकात 'चेटकिणीची झाडं' म्हणून ठळक छापतात, तसली विषारी झाडं आपल्याकडं रस्त्याकडेला उभीच आहेत. धोतरा, कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, रुई, गुंज. यातली पाचही मुलांना आधी ओळखायला शिकवा, हात न लावता. धोतऱ्याच्या बिया थोड्या गेल्या तरी भ्रम होतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा. गुंज लाल-काळी म्हणून मुलं माळ करतात. भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज जीवघेणी, अख्खी बहुधा तशीच बाहेर पडते, तरी ती माळ घरात नको. माहिती म्हणून सांगितलं तर हा धडा तुमच्या सगळ्या सणांहून उपयोगाचा.

काठी: विधीतली सुरी मुलांना द्यायचीच नाही, लाकडाचीही नाही, कारण पुढच्या वेळी खरी उचलतात. छडी द्या. मोठ्यांचं माप कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मुलांचंही त्यांच्याच हाताचं. छाटणीतली पेरूची फांदी चांगली, अंगठ्याएवढी जाड. लगेच सोलू नका. दोन्ही टोकांना मेण लावून तीन-चार आठवडे सावलीत. उन्हात ठेवली की टोकाला उभी चीर जाते. मग साल काढून 120 चा पॉलिश पेपर, त्यावर 220 चा. वरून जवसाचं तेल एक हात. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपसूक तापून पेट घेतं. पसरून वाळवा, मग टाका.

कावळा_नाका

कायद्याचं आणि शाळेचं.

कायदा 2013 चा. दाभोलकरांच्या खुनानंतर त्याच ऑगस्टात वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळानं मंजूर केला. लोक 'जादूटोणाविरोधी' म्हणतात, पण पूर्ण नावात नरबळी, अमानुष, अनिष्ट, अघोरी हे शब्द आहेत आणि सगळा भर त्यांच्यावर. अनुसूचीत बारा प्रकार दिलेत: भूत उतरवायला मारहाण, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी, चमत्काराच्या नावानं फसवणूक आणि पैसा, अंगात शक्ती आल्याचं भासवून दहशत, साप-विंचू-कुत्रं चावल्यावर दवाखान्याऐवजी मंत्र, करणीच्या संशयावरून कुणाला छळणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. घरात केलेली उपासना, जिच्यात कुणाच्या शरीराला इजा नाही की आर्थिक नुकसान नाही, ती कायद्यानंच बाहेर ठेवली आहे. गच्चीवर पणती लावून सावली मोजणं यात येत नाही.

पण रेघ कुठं ओलांडली जाते ते मुलीला माहीत हवं. मैत्रिणीला 'परीक्षेसाठी मंतरलेला दोरा' दहा रुपयांना दिला, किंवा 'अमकीनं तुझ्यावर काहीतरी केलंय' म्हणून सांगितलं, तर ते खेळातलं राहत नाही. आणि या कायद्याचा बचाव तुमच्या बाजूचाही आहे: एखादीला 'चेटूक करते' म्हणून बदनाम करणं हाच त्यात गुन्हा. तक्रार पोलीस ठाण्यात, तिथं दक्षता अधिकारी नेमलेला असतो.

शब्द. 'चेटकीण', 'जादू', 'टोणा' हे तिन्ही घरात वापरूच नका, चेष्टेतही नाही. मराठीत 'चेटकीण' हा शब्द अभिमानानं मिरवायचा नाही. या शब्दावर माणसं मारली गेली आहेत. इंग्लंडात शब्द परत मिळवला म्हणून इथंही मिळवू, हे साडेपाच वर्षांच्या पोराच्या खांद्यावर द्यायचं काम नव्हे. मुलांनी बाहेर म्हणायचं वाक्य एकच ठेवा: 'आम्ही ऋतूंचे सण करतो.' खोटं नाही आणि अर्धवटही नाही. शिक्षकांनी पुढं विचारलं तर 'आईला विचारा'. मात्र 'कुणाला सांगू नकोस' असं बजावू नका. घरातल्या मोठ्यांनी 'हे गुपित' म्हटलेल्या गोष्टी लपवायची सवय मुलांना लागू नये, याची कारणं विक्काहून फार मोठी आहेत. ज्या विधीबद्दल मुलानं आजीसमोर बोललेलं चालणार नाही, तो विधी मुलासमोर करू नका.

ऑक्टोबरअखेरचं साऊइन म्हटलं की मोठ्या मुलांना वाटी-अक्षरांचं प्लँचेट आठवतं. ते विक्का नव्हे. वाटी सरकते ती बोटांच्या नकळत हालचालीनं. डोळे बांधून आणि अक्षरं फिरवून ठेवून एकदा करून दाखवा, निरर्थक शब्द येतात. साऊइन म्हणजे गेलेल्यांची आठवण, आणि ती रीत तुमच्या घरी म्हाळाला आहेच. मुलांकडून आजोबांच्या आवडीची एक भाजी निवडून घ्या, त्यांच्याबद्दलची एक गोष्ट आज्जीकडून वहीत लिहून घ्या. सासूबाई या सगळ्यात पहिल्यांदा पाटावर येऊन बसतील त्या याच दिवशी.

सावळा_डोंगर

शेवटच्या वाक्याला +1.

निळी_गोकर्ण

सगळ्यांचे आभार. डबा, फळी, पणती यादीत लिहिलं. मुलीची वही सुरू करतेय, पण मार्चला वेळ आहे. तोवर चंद्राचं पान करावं म्हणतेय. 28 चौकटी आखल्या तर चालेल?

गच्चीवरचा_गणिती

28 नको, तीस आखा. अमावास्या ते अमावास्या साडेएकोणतीस दिवस. 28 आखल्या की दुसऱ्या महिन्यातच चंद्र चौकटीच्या पुढं पळतो आणि मुलगी म्हणते माझंच चुकलं. चौकटीत आकार काढायचा आणि शेजारी वेळ. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळं पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांतच तो मुलांच्या झोपेच्या वेळेपलीकडं जातो. ती चित्रं सकाळी शाळेला जाताना काढायची, तेव्हा तो पश्चिमेला असतो. हे न सांगितल्यामुळं बहुतेक वह्यांतलं वद्य पक्षाचं पान कोरं राहतं.

अजून एक. कॅलेंडरवर पौर्णिमा छापतात ती सूर्योदयाच्या तिथीवरून. पौर्णिमा संपते तो क्षण सकाळी दहाचा असेल तर छापलेल्या तारखेच्या आदल्या रात्रीचा चंद्र जास्त पूर्ण असतो. पंचांगातली समाप्तीची वेळ बघा, आणि ती दुपारच्या आधी असली तर पणती आदल्या रात्री लावा.